हिशेबाच्या वहीची किल्ली कोणाच्या हाती?
खुल्या सॉफ्टवेअरचे मूळ लिखाण स्वतः उतरवून घेण्याची व बांधण्याची विद्या आपल्या तरुणांनी शिकणे का गरजेचे आहे

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारीच्या व्यवहाराची नोंद. व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, अशी तपशीलवार शिकवण तीत आहे. ज्या समाजाला हिशेबाची एवढी ताकीद आहे, त्या समाजातील व्यापाऱ्याने आपली वही कोणाच्या ताब्यात आहे याचा विचार करावयास नको काय?

पूर्वी हा प्रश्न नव्हता. लाल कापडाची खतावणी दुकानातच असे. ती उघडण्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. आज भिवंडीचा यंत्रमागधारक असो, मालेगावचा सुताचा व्यापारी असो की कोकणातील मासळीचा पुरवठादार असो, हिशेब संगणकात असतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर लहान दुकानदारालाही संगणकाशिवाय गत्यंतर राहिलेले नाही. संगणकातील वही मात्र आपण होऊन उघडत नाही. ती एखाद्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उघडते. त्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला, किंवा कंपनीने जुनी आवृत्ती वाऱ्यावर सोडली, तर वही आपली आणि किल्ली दुसऱ्याची अशी अवस्था होते.

यावर पुष्कळ जण एक सोपी पळवाट काढतात. कोणाकडून तरी चोरीची प्रत आणतात आणि तिच्यावर हलाल कमाईचा हिशेब ठेवतात. या विरोधाभासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. इस्लामी देशांच्या संघटनेच्या अखत्यारीतील जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील आपल्या पाचव्या अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित असल्याचा व त्यांवर आक्रमण करता येत नसल्याचा ठराव केलेला आहे. दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू त्याच्या मर्जीविरुद्ध वापरून बरकतीची अपेक्षा करणे कितपत योग्य, हे ज्याने त्याने ठरवावे.

पण चोरीची प्रत आणि महागडा परवाना यांखेरीज तिसरा मार्गही आहे. तो संपूर्ण कायदेशीर आहे, त्याला परवान्याचा पैसा लागत नाही आणि त्यात किल्ली आपल्याच हाती राहते. लागते ती थोडी विद्या.

ग्राफ आणि कार्ड

आपल्या समाजातील हजारो कुटुंबे मागावर पोट भरतात. त्यांना ही गोष्ट लवकर समजेल. सोलापुरी चादरीवरील नक्षी जकार्डवर विणली जाते. आधी ती चौकटीच्या ग्राफ कागदावर काढतात. त्यावरून कार्डांना छिद्रे पाडतात आणि ती कार्डे मागावर चढवली की नक्षी उतरते. ग्राफ माणसाला वाचता येतो, कार्ड मागाला वाचता येते. हाती केवळ कार्डे असतील तर तीच नक्षी विणत राहावी लागते. एक फूल बदलायचे म्हटले तरी ग्राफ हवा.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. माणसाने लिहिलेल्या मूळ लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. तो आपला ग्राफ होय. त्यापासून संगणकाला समजणारी फाइल तयार करणे याला कंपाइल करणे म्हणतात. ते आपले कार्ड पाडणे होय. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फक्त कार्डे मिळतात. ग्राफ कंपनीच्या तिजोरीत राहतो. खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ सर्वांसाठी उघडा असतो.

ही चळवळ सुरू झाली अमेरिकेत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी वापरणे, ते कसे चालते हे पाहून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि आपण सुधारलेली प्रतही इतरांना देणे, ही चार स्वातंत्र्ये प्रत्येकाला असावीत असा त्यांचा आग्रह होता. १९८९ साली त्यांनी जीपीएल नावाचा परवाना तयार केला. या परवान्याचे सॉफ्टवेअर विकण्यास बंदी नाही. अट एवढीच की, ज्याला आपण ते देऊ त्याला मूळ लिखाणही मिळाले पाहिजे आणि आपल्याला मिळालेली मोकळीक त्यालाही मिळाली पाहिजे. स्वतः पाणी पिऊन विहिरीवर झाकण टाकण्याची मुभा यात नाही.

भांडार म्हणजे पुसता न येणारी वही

हे मूळ लिखाण ठेवले जाते ते आवृत्ती-नियंत्रण भांडारात. इंग्रजीतील शब्द जड वाटला तरी कल्पना व्यापाऱ्याच्या ओळखीची आहे. पक्क्या वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर नवी नोंद करून ती दुरुस्त करतात. या भांडारातही तसेच असते. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि का बदलली याची नोंद राहते. प्रत्येक नोंदीला मजकुरावरूनच काढलेला एक लांबलचक क्रमांक असतो. जुन्या नोंदीतले एक अक्षर जरी कोणी गुपचूप बदलले तरी तिचा आणि तिच्या पुढच्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक बदलतो व लबाडी उघडी पडते.

आज या कामासाठी सर्वत्र वापरले जाणारे साधन म्हणजे गिट. त्याच्या जन्माची कथा आमच्या मुद्द्याला फार पोषक आहे. लिनक्स या खुल्या प्रणालीचे कारागीर काही वर्षे बिटकीपर नावाचे एका कंपनीचे बंद साधन फुकट वापरत होते. २००५ साली कंपनीने ही सवलत काढून घेतली. जगभरच्या कारागिरांचे काम अडले. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले. तेच गिट. फुकट मिळालेली वस्तू आणि आपली वस्तू यांतील फरक त्या मंडळींना एका दिवसात कळला. तो आपल्या व्यापाऱ्यांनाही कळावा अशी आमची इच्छा आहे.

प्रत्यक्ष कृती

उदाहरणासाठी आम्ही ग्नूकॅश हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतो. त्याची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ साली आली. ते दुहेरी नोंद पद्धतीचे आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम एका खात्यात नावे व दुसऱ्यात जमा पडते. ग्राहकांची बिले, पुरवठादारांची देणी आणि कराचे दर यांची सोय त्यात आहे. त्याच्या भांडारात भाषांतराच्या फाइलींमध्ये मराठीची आणि उर्दूची फाइलही आहे. कोठे भाषांतर अपुरे किंवा ओबडधोबड वाटले तर ते सुधारून पाठवण्याचा मार्ग कोणालाही मोकळा आहे.

एक गोष्ट प्रथमच सांगतो. केवळ वापरायचे असेल तर कंपाइल करण्याची गरज नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स यांसाठी तयार प्रती प्रकल्पाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ज्याला आत डोकावायचे आहे, बदल करायचा आहे, म्हणजेच ज्याला कारागीर व्हायचे आहे, त्याच्यासाठी पुढील पायऱ्या आहेत. येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात.

पहिली पायरी अवजारांची. उबंटू किंवा डेबियन लिनक्स असलेला साधा संगणक घ्यावा. त्यात गिट, सीमेक आणि सी व सी-प्लस-प्लस या भाषांचा कंपायलर बसवावा. ग्नूकॅश इतर अनेक खुल्या ग्रंथालयांवर उभे आहे. खिडक्या व बटणे दाखवण्यासाठी जीटीके, सी-प्लस-प्लसच्या मदतीला बूस्ट, अहवालांसाठी गाइल, अशी ती यादी आहे. येथे नवशिक्या हमखास अडतो. ग्रंथालय संगणकात असते, तरी ते सापडत नाही असा निरोप येतो. कारण कंपाइल करण्यासाठी लागणाऱ्या फाइली वेगळ्या गाठोड्यात असतात आणि त्या गाठोड्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असते. ते बसवले की वाट मोकळी होते.

दुसरी पायरी उतरवून घेण्याची. 'गिट क्लोन' ही आज्ञा देऊन पुढे भांडाराचा पत्ता लिहावा. पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, कोणी पाठवलेल्या निरोपातून घेऊ नये. या आज्ञेने आजचे लिखाण तर येतेच, पण पहिल्यापासूनचा सगळा इतिहासही येतो. 'गिट लॉग' म्हटले की एकेक नोंद समोर उलगडते. ग्नूकॅशच्या भांडारात 'स्टेबल' म्हणजे स्थिर आणि 'फ्यूचर' म्हणजे भावी अशा दोन शाखा आहेत. दुकानाचा हिशेब भावी शाखेवर कधीही ठेवू नये. ती कारागिरांची कार्यशाळा आहे.

तिसरी पायरी तयारीची. मूळ लिखाणाच्या बाहेर एक रिकामा फोल्डर करावा आणि त्यात जाऊन 'सीमेक' ही आज्ञा द्यावी. सोबत तयार माल कोठे ठेवायचा ते सांगावे. तो आपल्याच घरच्या फोल्डरात ठेवला तर संगणकाच्या मूळ व्यवस्थेला धक्का लागत नाही. सीमेक सर्व अवजारे व ग्रंथालये तपासते आणि जे नसेल त्याचे नाव घेऊन थांबते. लाल अक्षरे पाहून घाबरू नये. पहिली तक्रार नीट वाचावी, ती दूर करावी, पुन्हा आज्ञा द्यावी. पुढच्या तक्रारी बहुधा पहिलीच्याच पोटातल्या असतात.

चौथी पायरी बांधणीची. 'मेक' म्हटले की एकेक फाइल कंपाइल होऊ लागते. संगणक जुना असेल तर वेळ लागतो. काम संपल्यावर 'मेक चेक' म्हणावे. या आज्ञेने कारागिरांनी लिहून ठेवलेल्या चाचण्या चालतात आणि बेरीज-वजाबाकीपासून सर्व काही ठाकठीक आहे की नाही ते कळते. ही पायरी गाळू नये. तराजू विकत घेणारा वजन करून पाहतोच. शेवटी 'मेक इन्स्टॉल' म्हटले की सॉफ्टवेअर ठरलेल्या जागी बसते.

पुढे नवी दुरुस्ती आली की 'गिट पुल' आणि पुन्हा 'मेक', 'मेक चेक' व 'मेक इन्स्टॉल' एवढेच करावे लागते. ज्या फाइली बदलल्या तेवढ्याच व त्यांवर अवलंबून असलेल्याच पुन्हा कंपाइल होतात. मात्र प्रत्येक वेळी आधी हिशेबाच्या फाइलीची वेगळी प्रत काढून ठेवावी. ही फाइल नेहमीच्या मांडणीत एक्सएमएल या खुल्या स्वरूपात असते. म्हणजे उद्या ग्नूकॅश नसले तरी तिच्यातील नोंदी साध्या मजकुराप्रमाणे वाचता येतील. वही खऱ्या अर्थाने आपली असते ती अशी.

वरून कोरडे, आतून ओले

एवढे वाचून कोणी असे समजेल की, लिखाण उघडे आहे म्हणजे सारे सुरक्षित आहे. तसे नाही. २०२४ साली जगाने याचा धडा घेतला.

एक्सझेड नावाचे एक छोटे खुले सॉफ्टवेअर आहे. फाइली आक्रसून लहान करणे एवढेच त्याचे काम, पण असंख्य लिनक्स संगणकांत ते असते. एकच माणूस स्वतःच्या वेळात ते सांभाळत होता. जिया टॅन हे नाव घेऊन कोणी तरी मदतीला आले, दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास कमावला आणि कारभार हाती येताच फेब्रुवारी व मार्च २०२४ च्या दोन आवृत्त्यांत चोरदार बसवले. त्या दारातून परक्याला दूरच्या संगणकात शिरता आले असते.

येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. घातक माल चाचणीच्या फाइलींच्या मिषाने भांडारात लपवलेला होता. पण बांधणीच्या वेळी तो बाहेर काढून कामाला लावणारा तुकडा भांडारात नव्हताच. तो फक्त वाटपासाठी बांधलेल्या तयार गाठोड्यात होता. भांडारातील नोंदी लोक पाहतात, गाठोडे कोणी उकलून पाहत नाही, हे चोराने हेरले होते. गाठोडे आणि भांडार शेजारी ठेवून कोणी ताडून पाहिले असते तर फरक दिसला असता.

अनाजाच्या ढिगाचा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. सहीह मुस्लिममध्ये तो आला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असता एका ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. माल वरून कोरडा, आतून पावसाने भिजलेला होता. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असा जाब त्यांनी विक्रेत्याला विचारला. ढीग उघड्यावरच होता. ओल सापडली ती हात घातल्यामुळे.

एक्सझेडच्या ढिगातही एकाने हात घातला. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंता. एका संगणकात दूरवरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच त्यांना खटकले. त्यांनी कारण शोधण्यास सुरुवात केली आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व प्रकार जाहीर केला. लिखाण खुले होते म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आले. पण ते गेले नसते तर नुसत्या खुलेपणाने काही झाले नसते. खुलेपणा ही सोय आहे, राखण नव्हे. राखण माणसालाच करावी लागते.

मर्यादा ओळखा

व्यापाऱ्यांनी घाईने निर्णय घेऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. ग्नूकॅशमध्ये कराचे दर भरता येतात, पण भारतातील जीएसटीचे विवरणपत्र आपोआप तयार करून सरकारी संकेतस्थळावर पाठवण्याची सोय त्यात अंगभूत नाही. ते काम वेगळे करावे लागेल. दुसरे असे की, १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राखणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. प्रायव्हेट लिमिटेड असलेल्यांनी आपल्या सनदी लेखापालाला विचारल्याखेरीज पाऊल टाकू नये. एकट्याच्या मालकीचे दुकान किंवा साधी भागीदारी यांना हा कंपनी कायद्याचा नियम लागू नाही.

मोठा पसारा असणाऱ्यांसाठी ईआरपीनेक्स्ट हेही खुले सॉफ्टवेअर आहे. ते मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने तयार केले आणि त्याचेही भांडार जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुले आहे. लिखाण उघडे ठेवूनही कंपनी चालवता येते, हे पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही.

धंदा कोठे आहे?

आमच्या तरुणांपैकी अनेक जण संगणकाचे छोटे अभ्यासक्रम करतात आणि नंतर डेटा भरण्याच्या किरकोळ नोकरीसाठी रांगा लावतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत विकण्याचा पैसा कमी असला तरी कामाचा पैसा आहे. दुकानात ते बसवून देणे, जुना हिशेब त्यात आणणे, मुनीमाला शिकवणे, दर आठवड्याला प्रती काढून ठेवणे, गिऱ्हाइकाच्या सोयीचा बदल करून देणे, ही सर्व हुनराची आणि हलाल रोजीची कामे आहेत. त्यांना भांडवल लागत नाही.

एक काम तर आमची वाट पाहत आहे. ग्नूकॅशचे अहवाल स्कीम नावाच्या छोट्या भाषेत लिहिलेले आहेत. शिल्लक रोख, विक्रीचा माल आणि वसूल होण्याजोगी उधारी यांची बेरीज करून, त्यातून तातडीची देणी वजा करून, निसाबपेक्षा जास्त रक्कम उरल्यास अडीच टक्के जकात दाखवणारा अहवाल लिहिणे कठीण नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, हेही त्यात धरता येईल. नियम उलेमांकडून तपासून घ्यावेत, मांडणी तरुणांनी करावी. बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीला अशी विनंती करून वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहावी लागेल. येथे ग्राफ आपल्या हाती आहे.

प्रत्येक व्यापाऱ्याने कंपायलर शिकावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. फर्जे किफायाची कल्पना आपणास ठाऊक आहे. वस्तीतील काहींनी कर्तव्य पार पाडले तर सर्वांची सुटका होते, कोणीच पार पाडले नाही तर सर्वजण जबाबदार ठरतात. या विद्येवर धार्मिक हुकूम देण्याचा आमचा अधिकार नाही, पण तिचा हिशेब असाच आहे. एका बाजारपेठेत दोन-तीन तरुण जरी असे निघाले की ज्यांना भांडार उतरवता येते, बांधता येते, गाठोडे व भांडार ताडून पाहता येते, तर त्या संपूर्ण पेठेच्या वह्यांची किल्ली पेठेतच राहील. मशिदींच्या अभ्यासिका, आपल्या शिक्षणसंस्थांच्या संगणक प्रयोगशाळा आणि व्यापारी संघटना यांनी मनावर घेतले तर रविवारचे काही तास आणि दोन-चार जुने संगणक एवढ्यावर याची सुरुवात होऊ शकते.

ज्या एकट्या माणसावर एक्सझेडचा भार होता, त्याच्या श्रमावर जगातील बलाढ्य कंपन्या चालत होत्या आणि त्याला हातभार लावणारे मात्र फार थोडे होते. चोराला वाट मिळाली ती तेथून. आपण खुल्या विहिरीचे पाणी घ्यावे, पण गाळ काढण्याच्या दिवशीही हजर राहावे. मराठी भाषांतरातील चार शब्द सुधारले, सापडलेली चूक नीट कळवली, एक चाचणी लिहून पाठवली, तरी तो हातभारच आहे. घेणाऱ्यांच्या रांगेत आपण आहोतच. आता देणाऱ्यांच्या रांगेतही आपली नावे दिसू द्या.